एक वीत, दोन बोटं

ज्या दाभणानं मी एकतीस वर्षं ट्रकच्या ताडपत्र्या शिवल्या, त्या दाभणाची शपथ घेऊन सांगते, ह्यातला शब्द न् शब्द खरा आहे. खोटं निघालं तर तोंडात राहिलेले तीन दात उद्याच्या भाकरीत सापडोत. आता ऐका, आणि मधेमधे 'असं कसं' म्हणायचं नाही.

खंडेनवमीची सकाळ होती. लोणंदच्या ट्रकअड्ड्यावर सर्जेराव धायगुड्याच्या सहा गाड्या धुऊनपुसून उभ्या होत्या. झेंडूच्या माळा, केळीचे खुंट, प्रत्येक चाकाखाली एकेक लिंबू. अड्ड्याची रीत अशी, की गाडीला कुंकू मालकाच्या घरच्या बाईनं लावायचं, पण नारळ फोडायचा तो ड्रायव्हरनं. वर्षभर गाडी ज्याच्या हातात, नारळ त्याच्या हातचा. मी आपली चिंचेखाली ताडपत्रीच्या ढिगावर बसले होते. आमचे हे, दौलत त्यांचं नाव, नवा सदरा घालून त्यांच्या गाडीपुढं नारळ घेऊन उभे. सोळा वर्षं त्या अड्ड्यावर गाडी हाकली माणसानं. एकदा वाठारच्या पुढं गाडीखाली कोंबडी आली, तर तिची मालकीण शोधायला ह्यांनी तीन गावं पालथी घातली होती. असला माणूस.

सर्जाशेठ आला. त्याच्या मिशा एवढ्या रुंद होत्या, की केबिनचं दार लावायच्या आधी तो मिशा आत घ्यायचा. आला तो सरळ ह्यांच्यापुढं. हातातला नारळ काढून घेतला.

"ह्या गाडीचा नारळ चोराच्या हातनं फुटायचा न्हाई," तो म्हणाला.

हे आधी मागं वळून बघायला लागले, चोर कुठं उभा आहे ते.

"कुणाबद्दल बोलताय, शेठ?"

"तुझ्याबद्दल, दौलत. आषाढापर्यंत ही गाडी लिटरला चार किलोमीटर देत हुती. तवापासनं पावणेचार बी देईना. वही हाय, मीटर हाय. मीटरला काय पोटपाणी न्हाई, ते कशाला खोटं बोलंल? मग डिझेल जातंय कुठं? पितोस का काय?"

मागं दोघंतिघं हसले. हसण्याचा आवाज मला अजून ओळखता येईल.

"शेठ, देवाशप्पथ, थेंब घेतला न्हाई," हे म्हणाले. "उलट गाडी आता लवकर पोचतीया. काटा पन्नासवर असतो आन् झाडं पंचावन्नानं पळत्यात. गाडीतच कायतरी..."

"ऐकलं का? झाडं पळत्यात म्हणे. चोर तर चोर, वर येडा बी."

नारळ त्यानं भोरच्या एका ड्रायव्हरच्या हातात दिला. नारळ फुटला. आणि गर्दीतनं कुणीतरी बारीक आवाजात म्हणालं, "डिझेल्या." झालं. सोळा वर्षांचं नाव पुसलं गेलं आणि हे नवं चिकटलं. दुपारपर्यंत पानवाला सुद्धा म्हणत होता.

हे माझ्याजवळ आले. "मी घरला जातो," एवढंच बोलले आणि गेले. मला लोकांची तोंडं बघवेनात, म्हणून मी खाली मातीकडं बघत बसले. आणि तिथंच मला ते दिसलं.

पूजा झाली की गाडी मारुतीला एक फेरी मारून येते. शेठच्या आईनं, थोरल्या गयाबाईंनी, मागच्या चाकाला कुंकवाचा ओला गोळा थापला होता. गाडी निघाली तसा तो गोळा रस्त्यावर उमटत गेला. पांढऱ्या फुफाट्यात लाल ठिपका, मग मोकळी जागा, मग लाल ठिपका. चाकाची एक फेरी झाली की एक ठिपका. माझा हात शिवत्या बाईचा. दोन ठिपके दिसले की मधलं अंतर मोजल्याशिवाय हाताला चैन पडत नाही. मी उकिडवी बसले आणि वितीनं मोजलं. बरोब्बर पंधरा विती.

तिथनं मी युसूफचाचाच्या टायरच्या दुकानात गेले. चाचा ह्यांचा जुना दोस्त. आज त्याच्या डोळ्यात पाणी होतं, पण तो म्हणत होता धूर गेला. दुकानाच्या दारात एक चाक पंक्चरला टेकून ठेवलं होतं.

"हे कुणाचं?" मी विचारलं.

"दौलतच्याच गाडीची स्टेपनी."

"बारकी कशी दिसतीया?"

"वैनी, ती जुन्या मापाची हाय. आषाढात शेठला लिलावात मोठे टायर घावले. म्हणला, घाल चाचा, गाडी हत्तीवाणी दिसली पायजे. सगळे बदलले, स्टेपनी तेवढी ऱ्हायली."

आषाढात. माझ्या कानात तो शब्द घंटेसारखा वाजला. मी कपाळाचं कुंकू बोटानं ओलं केलं, त्या चाकाला लावलं आणि म्हणाले, "चाचा, ढकल ह्याला रस्त्यावर." चाचाला वाटलं बाईला दुःखानं वेड लागलं. पण ढकललं बिचाऱ्यानं. मी मागनं मोजत गेले. चौदा वितीला दोन बोटं कमी.

म्हणजे फरक एक वीत आणि दोन बोटांचा. एका फेरीला.

"चाचा, मीटर कशावर चालतं?"

"गिअरबॉक्समधनं तार जाती वर. चाकाच्या फेऱ्या मोजती. आणखी काय करणार ती?"

मी तिथंच टायरवर बसले. माझी सासू आणि मी एकाच विहिरीवर जायचो. सासू बुटकी, तिची एकशेवीस पावलं व्हायची. मी अशी ताडमाड, माझी शंभर. विहीर तिथंच. आता आंधळ्याला घरात बसवून नुसती पावलं मोजायला सांगितली, तर तो म्हणणार सून लबाड आहे, निम्म्यातनं परत येते. मीटर म्हणजे तो आंधळा. गाडीला मोठी पावलं लावली शेठनं, आणि आंधळा जुन्याच हिशेबानं मोजत बसला. चारशे किलोमीटर पळाली तरी ते तीनशे एकोणसत्तरच दाखवणार. काटा पन्नास म्हणणार आणि झाडं पंचावन्नानं पळणार. डिझेल मात्र चारशेचंच जळणार.

चाचाच्या ध्यानात आलं तसा तो उठलाच. "चला वैनी, आत्ताच्या आत्ता शेठला दाखवू."

"बस खाली," मी म्हणाले.

"अवो, दौलत चोर न्हाई हे..."

"मला ठाऊक हाय त्यो चोर न्हाई. आज सांगितलं तर शेठ काय करंल? 'असं व्हय' म्हणंल. मिशीवरनं हात फिरवंल आन् म्हणंल, 'ये दौलत, सोमवारपासनं कामावर ये.' मिटलं. आन् ते हसलेले? आन् ते 'डिझेल्या' म्हणणारं तोंड? चाचा, ज्या जागी त्यानं माझ्या नवऱ्याला उभं केलं त्या जागी मला त्याला उभा बघायचाय. तसाच. नारळ हातातनं जाताना. तवर तू बोललास तर ह्या दाभणानं तुझे व्हट शिवीन."

चाचानं दाभणाकडं बघितलं आणि तोंडावर हात ठेवला. बावीस दिवस त्यानं तो हात काढला नाही. नमाजाला सुद्धा एकाच हातानं जायचा.

घरी हे भिंतीकडं तोंड करून पडले होते. जेवायला उठायचे, परत भिंत. शेजारच्या फलटणच्या एका मालकानं काम देतो म्हणून निरोप पाठवला होता, तोही चार दिवसांनी मागं घेतला. रोज संध्याकाळी दिवा लावला की हे एकच विचारायचे.

"माझ्याच हातनं काय चुकत असंल का गं? गिअर उशिरा टाकत असंन का मी?"

मी म्हणायचे, "झोपा."

मी आपली तव्यावर भाकरी थापत असायचे आणि मनात सर्जाशेठच्या मिशा शेकत असायचे. एकदा डावी, एकदा उजवी.

दहाव्या दिवशी शेठनं भोरच्या ड्रायव्हरला हाकलला. तोही चोर ठरला. ह्याच दिवसाची मी वाट बघत होते. दुसऱ्या दिवशी फाटकी ताडपत्री दाखवायच्या निमित्तानं मी गयाबाईंकडं गेले. वय ऐंशी, दिसायला चिमणी, पण आवाज असा, की ती अंगणात ओरडली की दोन गावच्या म्हशी पान्हा चोरायच्या. सर्जाशेठ जगात एकाच माणसाला भ्यायचा, ते माणूस म्हणजे ही म्हातारी. नवऱ्यामागं तिनंच एका गाडीच्या सहा केल्या होत्या.

"थोरल्या बाई," मी म्हणाले, "लोक कायबाय बोलत्यात, म्हणून आले."

"काय बोलत्यात?"

"म्हणत्यात, दोन्ही ड्रायव्हर चोर कसं निघाले? धायगुड्यांची गाडीच चोर असंल. न्हाईतर शेठला गाडीतलं कळत नसंल."

"कोण म्हणतं?" म्हातारीनं काठी आपटली. "माझ्या सर्ज्याला कळत न्हाई? त्याचा बा गाडी हाकत मेला."

"तेच म्या म्हणलं. मग शेठनीच एक खेप करून दाखवावी, म्हंजी लोकांची तोंडं बंद व्हतील. टाकी काठोकाठ भरायची, झाकणाला कुलूप घालायचं, किल्ली तुमच्या कनवटीला. आन् तुम्ही शेजारी बसायचं. तुमच्या डोळ्यांदेखत कोण चोरंल?"

म्हातारीचे डोळे चमकले. बारा वर्षांत ती लोणंदबाहेर गेली नव्हती.

"आन् बाई," मी उठता उठता म्हणाले, "हातात जपाची माळ असू द्या. रस्त्याला किलोमीटरचं दगड असत्यात. दर दगडाला एक मणी वडा. देवाचं नाव बी हुईल."

शेठ अड्ड्यावर आला तो छाती काढूनच. सगळ्यांपुढं म्हणाला, "हाकतो की. माझ्या हातात ही गाडी चारच्या खाली आली, तर मी डिझेलचोर. पाडव्याचा नारळ मग दौलतनं फोडावा." हे त्याचे शब्द आहेत, माझे नव्हेत. मी नुसती सुईत दोरा ओवत होते.

धनतेरसच्या पहाटे कांदा भरून सोलापूरला गेले मायलेक. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी परत. म्हातारी खाली उतरली ती तडक घराकडं निघाली. माळेचा जिथं मणी थांबला होता तिथं तिनं दोरा बांधला होता, एवढं मी बघितलं. गाडी अड्ड्यात लावली, किल्ली कनवटीलाच.

पाडव्याच्या सकाळी ह्यांना मी अंघोळ घालून, ओवाळून, जवळजवळ ओढत अड्ड्यावर आणलं. ते गर्दीच्या मागं, चिंचेच्या बुंध्याआड उभे राहिले. अड्ड्याला लागूनच पंप. सगळ्यांदेखत म्हातारीनं कुलूप काढलं, टाकी परत काठोकाठ भरली. पंपावरच्या माणसानं आकडा मोठ्यानं वाचला. शंभर लिटर. मग शेठ ऐटीत केबिनमध्ये चढला, मीटर वाचून निघतानाचा आकडा वजा करायला. चढला तो खाली येईना.

"वाच की," म्हातारी म्हणाली.

"तीनशे..." आतनं आवाज आला. "तीनशे एकोणसत्तर."

त्या अड्ड्यावर हिशेब न येणारा एकही माणूस नव्हता. पावणेचारला पण कमी.

"सर्ज्या, खाली ये," म्हातारी म्हणाली. तो उतरला. "डिझेल कुठं गेलं?"

"आई, मला न्हाई ठाव."

"कुलूप माझं. किल्ली माझ्या कनवटीला."

"तू शेजारीच बसलीवतीस की आई. म्या कुठं थांबलो का?"

"मग म्या प्याले?"

मागं दोघंतिघं हसले. तेच, खंडेनवमीचे. मग बारीक आवाजात कुणीतरी म्हणालं, "डिझेल्या." तोंड तेच, नाव तेच, माणूस फक्त बदलला. शेठच्या हातात पूजेचा नारळ होता. म्हातारीनं तो काढून घेतला. सर्जाशेठनं मागं वळून बघितलं, चोर कुठं उभा आहे ते. अगदी ह्यांनी बघितलं होतं तसंच. मिशा दोन्ही बाजूंनी खाली आल्या, पावसात भिजलेल्या कोंबड्याच्या पिसासारख्या.

चाचा माझ्याकडं बघत होता. हात काढू का, असं डोळ्यांनीच विचारत होता. मी कनवटीचं पान काढलं. चुना लावला, सुपारी कातरली, घडी घातली, तोंडात टाकलं. पान संपेपर्यंत बोलायचं नाही असं मी खंडेनवमीलाच ठरवलं होतं. एवढं गोड पान मी आयुष्यात खाल्लं नाही. सर्जाशेठ मधोमध उभा, कुणाशी नजर मिळवावी ते त्याला कळेना. मी चावत राहिले. सावकाश. त्याची बायको पदर तोंडाला लावून रडायला लागली, तरी माझं पान संपलं नव्हतं.

मग थुंकून आले आणि म्हणाले, "थोरल्या बाई, माळ किती झाली?"

"तीन माळा," म्हातारी म्हणाली, "आन् वर शहात्तर मणी."

एकशेआठ त्रिक तीनशेचोवीस आणि शहात्तर. चारशे. आकडा माणसामाणसांतनं पसरत गेला.

"म्हंजी दगड चारशे म्हणत्यात आन् मीटर तीनशे एकोणसत्तर," मी म्हणाले. "दगड तर सरकारनं पुरल्यापासनं जागचं हाललं न्हाईत. मग खोटं कोण बोलतं? शेठ, जरा कुंकू लावा तुमच्या हत्तीच्या पायाला."

शेठनं मुकाट्यानं लावलं. मी गाडी चार फेऱ्या पुढं घ्यायला लावली, चाचानं कुंकू लावून स्टेपनी ढकलली. शेठला मी उकिडवं बसवून माझ्या वितीएवढ्या काडीनं मोजायला लावलं, सगळ्यांपुढं, मातीत, नवं धोतर नेसून. दोनदा. पहिल्यांदा मोजलं ते मला नीट दिसलं नाही, असं मी म्हणाले.

"एक वीत दोन बोटं," तो शेवटी पुटपुटला.

"मोठ्यानं, शेठ. चिंचेपातूर ऐकू जाऊ द्या."

"एक वीत दोन बोटं. टायर माझं. चूक माझी."

गयाबाई गर्दीतनं चालत चिंचेपर्यंत गेल्या. नारळ ह्यांच्या हातात ठेवला. "दौलता," त्या म्हणाल्या, "माझं लेकरू चोर न्हाई. आंधळं हाय. फोड बाबा नारळ."

हे बुंध्याआडनं पुढं आले. सगळे बाजूला झाले. गाडीपाशी पोचेपर्यंत त्यांनी दोन्ही चाकांच्या ठिपक्यांकडं बघितलं. दोन्ही रांगा ताज्या, ओल्या. मग त्यांची नजर युसूफचाचाच्या दुकानाच्या दारात गेली. तिथं दाराच्या फरशीवर स्टेपनीच्या कुंकवाचा खंडेनवमीचा एक जुना डाग राहिला होता, वाळून काळा पडलेला. ते माझ्याकडं वळले.

"तुला कवापासनं ठाव हुतं?"



"खंडेनवमीपासनं," मी म्हणाले.

"त्याच दिवशी?"

"व्हय. तुम्ही घरला गेलासा, त्यानंतर."

मग ते जे हसायला लागले. खांदे हलवून, डोळ्यातनं पाणी येईपर्यंत. "बाई न्हाईस तू, शेठ बरा तुझ्यापरीस," म्हणाले, आणि नारळ फोडून पहिला खोबऱ्याचा तुकडा माझ्या हातावर ठेवला. सगळा अड्डा त्यांच्याबरोबर हसला.

आता शपथ मोठी घेऊन बसलेय आणि दात तीनच उरलेत, म्हणून सांगते. मिशांचं खरं आहे. म्हशींचं खरं. चाचाचा हात, म्हातारीचे चारशे मणी, धोतर नेसून मातीत बसलेला शेठ, सगळं खरं. तेवढं हसण्याचं मी जोडलं.

ते हसले नव्हते. त्यांनी नारळ फोडला, अर्धी वाटी माझ्याकडं न बघता माझ्या हातावर ठेवली आणि गाडी घेऊन मारुतीच्या फेरीला गेले. दुसऱ्या दिवसापासनं कामावर. घरी आले की जेवायचे, ताट घासून ठेवायचे आणि भिंतीकडं तोंड करून झोपायचे. मी दिवा लावायचे तेव्हा कुणी काही विचारायचं नाही. मी रोज कोपऱ्यात कोळशानं एक रेघ ओढत होते.

बावीस रेघा झाल्या, खंडेनवमी ते पाडवा दिवस होते तेवढ्याच. तेविसाव्या दिवशी सकाळी ते उठून चुलीपाशी येऊन बसले आणि म्हणाले, "चहा कर."

तेव्हा मला कळलं, मोजणारी मी एकटी नव्हते.